कासम सरांची निवृत्ती आणि हमूदसाहेबांचा कहवा

दार्सैत, मस्कत
मंगळवार

सगळ्यात आधी आला तो ओमप्रकाश. यांच्या निरोपाचा हार अजून फ्रिजवर ओला होता (फ्रिजवर का, ते आमच्या सूनबाईला, तस्नीमला विचार. सत्काराच्या सामानाने घर असं भरलंय की शालीखाली टोस्टर आहे आणि टोस्टरवर मानपत्र), तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं तर हा सहाफुटी माणूस उंबऱ्यावर उभा, डोळे लाल, हातात संत्र्यांची पिशवी. मला वाटलं कोणी गेलं की काय. तर म्हणतो कसा, "भाभीजी, सर चले गये." मी म्हटलं, अरे गेले कुठे, ते काय बनियनवर बसलेत आणि लसूण सोलायची माझी पद्धत सुधारतायत.

पण थांब गो नूरबानू, सलाम राहिलाच. माझ्या धाकट्या, गोऱ्या, हट्टी बहिणीला मोठ्या अमीरुन्निसाचा सलाम आणि दोन्ही गालांचे मुके. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने जिना चढू नको सांगितलं म्हणून तू खालच्या खोलीत निजतेस की अजून वरच चढतेस, खरं सांग. काळी शेळी व्याली का? जावयाची बोट लागली का दाभोळला? तू माझ्या तब्येतीची काळजी करू नकोस. साखर आहे, पण ती माझ्याशी आता घरच्यासारखी वागते. पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. चौथीत मास्तरांनी माझं अक्षर वर्गात फिरवून दाखवलं होतं (असं लिहू नये म्हणून, पण दाखवलं होतं). फोन केला असता, पण फोन आता सारा दिवस तुझ्या दुलाभाईंच्या उशाशी असतो आणि माझं बोलणं त्यांना ऐकू गेलेलं मला परवडणार नाही. हे पत्र गावी निघालेला तय्यब गुरुवारी घेऊन पोचतोय. एकटीने वाच. मोठ्याने वाचायची तुझी खोड आहे, म्हणून सांगते.

तर तुझे दुलाभाई रिटायर झाले. नवऱ्याचं नाव मी आजवर तोंडातून काढलेलं नाही, पण कागदावर लिहिलं तर जिभेला लागत नाही, म्हणून लिहिते: कासम. अख्खं मस्कत त्यांना कोच कासम म्हणतं. नारळाच्या बागेत पडलेली बोंडं लाथाडत मोठा झालेला माणूस, इथे आला तो टेकडीवरच्या कॉलेजात मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला. रेघा मारता मारता रेघेच्या आत गेला आणि कोच होऊन बसला. त्यानंतर कॉलेजांच्या फुटबॉलचा कप दर हिवाळ्यात टेकडीवरच जायचा. इतका जायचा की कप घासायला वेगळा माणूस होता. दुसऱ्या कॉलेजांची पोरं सीझन सुरू होण्याआधीच दुसऱ्या नंबरासाठी भांडायची. बातमी फुटली की कोच कासम जाणार, आणि सगळ्या शहराचा हिशोब मोडला. आमच्या गल्लीतला न्हावी अर्धी दाढी करून थांबला आणि म्हणाला, आता अझैब्याचं कॉलेज पहिलं. देवळासमोरचा चहावाला म्हणाला, टेकडीवाले आता पहिल्या चारात आले तरी नशीब. भाजीवाला, ज्याने आयुष्यात बॉलला हात लावला नाही (पाय तर सोडच), तोसुद्धा मला कोथिंबीर देता देता विचारतो, अम्माँ, डिफेन्स का क्या होगा? मी म्हटलं, बाबा, तू कोथिंबिरीच्या मुळांची माती झाड, डिफेन्स अल्ला बघेल. एका अल अमेरातच्या कॉलेजचं नाव मात्र कोणी घेत नव्हतं. नवं कॉलेज, नवं मैदान आणि पोरं अशी की मागच्या साली स्वतःच्याच गोलात बॉल मारून आनंदाने नाचली.

आता मुख्य दुखणं ऐक. निरोपाच्या समारंभात यांना माईक दिला. मी पहिल्या रांगेत, नवी ओढणी, शेजारी नात सना. माईक हातात आला की या माणसाला काय होतं ते तुला माझ्या निकाहापासून ठाऊक आहे. रडले, हसले, आणि मग माझ्याकडे बोट करून सगळ्यांसमोर म्हणाले, माझी बायको इतकी वर्षं गावाच्या आठवणीने झुरतेय, आता मी तिला कायमचं घरी घेऊन जाणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाजूच्या बाईने मला मिठी मारली. मी झुरतेय! मला पहिल्यांदा तिथेच कळलं. मी हसले, कारण फोटो काढत होते, पण नंतरची बिर्याणी मला दुसऱ्यांदा घेता आली नाही.

तुझ्यापासून काय लपवू. गाव मला आवडतं, तू आवडतेस, पण महिनाभर. इथे माझं काय काय आहे ते यांना दिसत नाही. सकाळी मतऱ्याच्या मासळीबाजारात मला ओळखतात, सुरमईचं डोकं माझ्यासाठी बाजूला ठेवतात. गुरुवारी आमच्या बिल्डिंगच्या बायका गच्चीवर जमतात, त्यात गुजराती, मल्याळी, आपल्या पुण्याची रेखा, सगळ्या, आणि चुगल्यांना चार भाषा लागतात तरी कोणाचं काही अडत नाही. तस्नीम दवाखान्यात ड्यूटीला जाते, तेव्हा सनाला जेवायला मी वाढते. ती पोरगी माझ्याशी मोडकं मराठी बोलते, "दादी, मी भूख आली" असं, आणि मी एकेक वाक्य सरळ करत बसते. कॉलेजात जायच्या वयाची झाली, अजून दोन वर्षांत लग्नाचं वय होईल, आणि मी तिकडे माडाखाली बसून माकडं हाकलायची? यांचा व्हिसा गेला की माझाही गेला. मुलगा इरफान ठेवून घेईन म्हणतो, पण नवरा एकीकडे आणि मी एकीकडे राहिले तर तूच पहिली नावं ठेवशील. आणि एकटं सोडलं तर हा माणूस तिकडे शेळीलासुद्धा वॉर्म-अप करायला लावील.

विनोद नाही गो. पहिल्या आठवड्यात यांनी आमचं किचन खेळायला घेतलं. फ्रिजवरच्या लोहचुंबकाच्या गोळ्यांनी आराखडा मांडला: तस्नीम शेगडीवर, मी मधल्या फळीत कांद्याला, सना डाव्या बाजूने ताटं. मला म्हणाले, तू जागा सोडून पुढे येतेस, मागे मोकळं राहतं. मी मिठाच्या बरणीसाठी पुढे आले होते! तस्नीम बिचारी सोन्यासारखी पोर, सासऱ्याला उलट बोलत नाही. एका दुपारी तिने दूध उतू जाऊ दिलं आणि यांनी शिट्टी वाजवली. खरीखुरी शिट्टी, गळ्यात होतीच. तस्नीम बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसली की रडली ते कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं, की यांनाही करमत नाही आहे. पण स्टेजवर बोललेला शब्द मागे कसा घेणार, कोच माणूस. मोठेपणाच्या पायात स्वतःच अडकलेत.

तर ओमप्रकाश. हा यांचा असिस्टंट, आता टेकडीचा कोच हाच. संत्री टेबलावर ठेवली, हे अंघोळीला गेले तसा माझ्याजवळ सरकला आणि खालच्या आवाजात विचारतो, भाभीजी, सर हाफटाइममध्ये पोरांना काय बोलायचे? मी म्हटलं, तू तर तिथेच असायचास इतकी वर्षं. तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, मी कधीच नव्हतो, दर हाफटाइमला सर मला बाहेर पाठवायचे, संत्री कापायला. बघ आता! हा माणूस इतकी वर्षं कपासाठी राबला आणि त्याने फक्त संत्री ऐकली. हरणारी पोरं आत जायची, तो बाहेर साली काढायचा, आणि पोरं वाघ होऊन बाहेर यायची. टेकडीवाल्यांची सगळी आशा त्या बंद दाराआडच्या बोलण्यावर. मला हसू आवरेना. कारण ते बोलणं काय आहे ते मला ठाऊक आहे. मॅचच्या दिवशी सकाळी मी यांना जे बोलते, तेच हे जाऊन पोरांना बोलतात. एकदा सनाने खोलीबाहेरून ऐकलं आणि घरी येऊन मला म्हणून दाखवलं: खांबासारखे उभे काय राहता, बॉल काय तुमच्या आयांनी ताटात वाढून आणायचा, त्या पोराला मोकळा सोडलात, तो काय तुमचा मेहुणा लागतो? शब्दाला शब्द माझं, फक्त बॉलच्या जागी मी पाण्याचा हंडा म्हणते. मी ओमप्रकाशला हे सांगितलं. त्याने मोबाइल काढला, माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, भाभीजी, मला एकदा रागवा. मी कशी रागवणार, पोराने संत्री आणली होती. पण मग आठवलं की याच्या संत्र्यांच्या ओल्या पिशवीतून माझ्या धुतलेल्या लादीवर पाणी गळतंय, आणि पुढचं आपोआप झालं. त्याने सगळं भरून घेतलं. मराठी पोरांना कळणार नाही म्हटलं, तर म्हणाला, सरांचंही कळत नव्हतं, सूर लागतो.

त्यानंतर अझैब्याच्या कॉलेजचे आले. दोघे, टाय लावलेले, अत्तराचा घमघमाट. लॅपटॉप उघडून यांना रंगीत चित्रं दाखवली, त्यात यांचाच फोटो (पोट कमी केलेलं). तुम्ही आलात तर आम्ही पाच वर्षं कप देत नाही कोणाला, म्हणाले. हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, माझ्या बायकोला गावाला जायचंय. मी आतून झारा आपटला, पण त्यांना ते होकारासारखं वाटलं असावं. भजी दोनदा मागून घेतली, चहा संपवला, आणि गेले. बाहेर जाऊन त्यांनी गल्लीत सांगितलं की कोच कासम खरंच खलास, आणि न्हाव्याने लगेच अझैब्याचा कप पक्का केला. मी त्या रात्रीची भाजी मुद्दाम आळणी केली.

आणि मग परवा, रविवारी, अल अमेरातचे हमूदसाहेब आले. नव्या कॉलेजच्या कमिटीचे मोठे. पांढरी दाढी, डोक्याला मसर (इथला फेटा), हातात काठी, बरोबर दोन पुतणे, ते गाडीतच बसले. हे साहेब जुने मुंबईचे व्यापारी, लिंबं आणि खजूर घेऊन बोटीने यायचे, त्यामुळे हिंदी असं बोलतात की आपल्या भेंडीबाजारातला माणूस वाटावा. तस्नीमने इथल्या रिवाजाने कहवा केला (ती बिनदुधाची कडू कॉफी), खजूर ठेवला, हलवा ठेवला. त्यांनी छोटा कप घेतला, ओठाला लावला नाही, आणि हळूच पुढ्यात गालिच्यावर ठेवला. बसले. काही मागेनात, काही बोलेनात. मी पडद्याआडून बघत होते (स्वयंपाकघराच्या दाराचा तो फुलाफुलांचा पडदा, तूच पाठवलेला).

तुझ्या दुलाभाईंचा चेहरा त्या कपाकडे बघून सुकटीसारखा झाला. मग त्यांनी पावसाचा विषय काढला. मस्कतात पाऊस! हमूदसाहेब म्हणाले, हो, मागे पडला होता. मग बकऱ्यांचा काढला. मग नव्या रस्त्याचा. साहेब सगळ्याला मान हलवतात, कपाला हात लावत नाहीत. कहव्याची वाफ संपली. सना येऊन मला म्हणते, दादी, त्यांनी कहवा पी नाही, बॅड आहे काय? मी म्हटलं, तू आत हो. तेवढ्यात बाहेरून यांची हाक आली, "अगं, काही खायला आहे की नाही घरात?" घावणे तव्यावर होतेच. मी डोक्यावरून ओढणी नीट केली, ताट घेतलं आणि बाहेर गेले.

आता तूच सांग, पाहुणा बसलाय, पुढ्यातलं निवतंय, आणि आपल्यासारखी कोकणातली बाई गप्प बसेल? अम्मा काय करायची आठव. पाहुण्याने नाही म्हटलं की त्याच्या ताटात आणखी पडायचं. मी ताट ठेवलं आणि म्हटलं, "भाईसाब, ये क्या, कहवा तो ठंडा हो गया! पियो ना, हमारे घरका पानी भी नहीं लगता क्या?" हे एकदम अर्धे उठले. हात असा केला, जसा गोली हवेतला बॉल सुटल्यावर करतो. हमूदसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे, मग परत माझ्याकडे. हळूच म्हणाले, "बहन, पी लूँ? सोच के बोलो." मी म्हटलं, त्यात सोचायचं काय, माझ्या गळ्याची शपथ आहे, पी के ही उठना. त्यांनी बिस्मिल्ला म्हणून एका घोटात कप रिकामा केला, हलवून परत दिला, उठून यांच्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि इथल्या रीतीने नाकाला नाक लावलं. खिडकीतून खाली काहीतरी ओरडले, पुतण्यांनी गाडीचा असा हॉर्न वाजवला की वरच्या मजल्यावरच्या रेखाला वाटलं वरात आली. घावणे खाल्ले, बांधूनही घेतले, आणि दुआ देत गेले.

दार लागल्यावर हे माझ्यावर जे सुटले! इथल्या जुन्या लोकांची रीत आहे म्हणे: काही मागायला आलेला मोठा माणूस कहवा पुढ्यात ठेवतो आणि पीत नाही. घरवाल्याने "प्या" म्हटलं की मागणं कबूल झालं. मग ते काय आहे हे विचारायचीही गरज नाही, घराची जबान गेली. "अर्ध्या तासाने कंटाळून उठले असते ते! मी पाऊस, बकऱ्या सगळं काढलं! आणि तू गळ्याची शपथ घातलीस, गळ्याची!" मी ओढणीचा पदर तोंडाला लावून म्हटलं, मला काय ठाऊक, मी चौथी शिकलेली बाई. तस्नीम तोंड फिरवून भांडी विसळत होती, खांदे हलत होते. सना म्हणाली, सो दादा गावाला जाणार नाही? यांनी कपाळावर हात मारला आणि सोफ्यावर पडले, शिट्टी छातीवर.

तर आता तुझे दुलाभाई अल अमेरातचे कोच. कागद व्हायचे आहेत, पण हमूदसाहेबांनी कागदाचं आपल्या माथी घेतलंय. हे येईल त्याला सांगतात की माझ्या अडाणी बायकोने मला विकलं, आणि सांगताना त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं दिसतं. फ्रिजवरच्या गोळ्या किचनमधून काढून त्यांनी नवीन पोरांची नावं लावलीत. तस्नीम परत स्वतःच्या मर्जीने दूध तापवते. गल्लीचं तर विचारू नकोस. न्हाव्याने अझैब्याला खाली आणलं. चहावाला म्हणतो, अल अमेरात पहिलं, कासम सर तिथे दगडालाही हेडर मारायला शिकवतील. ओमप्रकाश परत येऊन गेला, या वेळी संत्र्यांशिवाय, आणि यांच्याकडे बघून म्हणाला की फायनलला भेटू. मला बाजूला घेऊन म्हणाला, भाभीजी, मोबाइल माझ्याकडे आहे. म्हणजे बघ नूर, फायनल टेकडी आणि अल अमेरातची झाली तर हाफटाइमला दोन्ही खोल्यांत मीच ओरडणार आहे. कप कुठेही जावो, मला तुझ्याकडून मुबारकबाद हवी.

इथल्या सगळ्यांचा सलाम. इरफानने तुला औषधाचा मलम पाठवलाय, तय्यबच्या बॅगेत आहे, खाऊ नकोस, लावायचा आहे. शेळीला माझ्याकडून चारा घाल.

तुझी मोठी बहीण,
अमीरुन्निसा

ता.क. ज्यासाठी पत्र लिहिलं ते राहिलंच. तू आमचं घर झाडायला, सारवायला घेतलं आहेस असं ऐकलं. ते काम थांबव. दाभोळच्या बँकेत नवा साहेब आलाय आणि बायकापोरांसकट घर शोधतोय असं तूच मागे सांगितलं होतंस. त्याला ते देऊन टाक. आजच दे. भाड्याचं तुम्ही बघा, मला त्यातलं काही नको. फक्त तुझ्या दुलाभाईंना तू आपल्या अक्षरात लिही की चांगले लोक आहेत, मुलं शाळेत घातलीत, आता उठवता येणार नाही. एका सीझननंतर यांच्या डोक्यात परत गाव येईल, तेव्हा ते पत्र हवं. मी सांगितलं असं लिहू नकोस.

ता.क. दुसरं. तुला खरंच वाटलं का, की इतकी वर्षं इथे काढून मला कहव्याची रीत ठाऊक नसेल? आमच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये मालकाच्या मुलीचं लग्न असंच ठरलं होतं, मी आत बायकांत बसून सगळं पाहिलंय. मी पडद्याआड उभी राहून वाफ जायची वाट बघत होते. पण एक गोष्ट मला तेव्हापासून टोचतेय. घावण्यांचा वास बाहेर जात होता, मी येणार हे यांना दिसत होतं, आणि खायला आण म्हणून हाक यांनीच मारली. यांना मी अडाणी वाटते की नाही, ते मी विचारणार नाही. तूही विचारू नकोस.

ता.क. तिसरं, तय्यब खाली उभा आहे, पिशवी मागतोय. हमूदसाहेब पुतण्यांना घेऊन यांना मैदान दाखवायला न्यायला परत येणार आहेत, शुक्रवारी, असरच्या नमाजानंतर. हे म्हणतात, बघू, जाईन न जाईन. बूट मात्र आत्तापासून दारात काढून ठेवलेत. आज मंगळवार, आणि साहेब शुक्रवार म्हणाले आहेत.